सहा आकड्यांचा कोड आणि आपलाच सर्व्हर

मालवाहतुकीसाठी जीएसटीचं ई-वे बिल काढणाऱ्या माणसाला टू-फॅक्टर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. शंभर कोटींवर उलाढाल असलेल्यांना ते २० ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचं झालं, मग मर्यादा खाली येत येत १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच. पासवर्ड टाकला की वर ओटीपी. तो एसएमएसने मागवता येतो, नाही तर एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या जीएसटी-शील्ड ॲपमध्ये बघता येतो. लातूरच्या एमआयडीसीत तेलाचे डबे भरून गाडी उभी आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवून बेजार झालाय आणि एसएमएस काही येईना, असं झालं की मुनीम लोक आपणहून ॲपकडे वळतात. ॲपला रेंज लागत नाही. फोन फ्लाइट मोडवर टाकला तरी दर ३० सेकंदांनी नवा कोड येतच राहतो.

आता गंमत बघा. फोन कुणाशीच बोलत नाही, तरी पलीकडच्या सर्व्हरला कोड बरोबर की चूक हे कळतं. हे कसं होतं ते एकदा नीट समजलं, की तसाच सर्व्हर आपल्या ऑफिसात उभा करणं काही मोठ्या कंपन्यांचंच काम राहत नाही. जुना कॉम्प्युटर, फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं आणि बाजार बंद असलेला एखादा दिवस, एवढ्यात भागतं. टाइप करायचं काम थोडं असतं. डोकं लागतं ते घड्याळ, गुप्त किल्ल्या आणि माणसं सांभाळताना, म्हणून पुढे जास्त जागा त्यांनाच दिली आहे. कमांडा ओळीनं ओळ देत नाही. त्या आवृत्तीगणिक बदलतात आणि त्या त्या प्रकल्पाच्या माहितीपानांवर ताज्या मिळतात. कोणती पायरी कशासाठी, एवढंच बघू.

आधी दार बंद करा

मराठवाड्यातल्या आडत दुकानांत, जिनिंगमध्ये, क्लासेसच्या ऑफिसांत एकच नमुना सारखा दिसतो. एका विंडोज कॉम्प्युटरवर टॅली. मालकाचा मुलगा पुण्याला, सीए सोलापूरला किंवा संभाजीनगरला, आणि दोघांनाही खाती बघायची असतात. मग कुणीतरी राउटरमध्ये जाऊन ३३८९ नंबरचं पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचं एक दार, उघडून देतो. म्हणजे विंडोजचा रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर. पासवर्ड बहुधा दुकानाच्या नावापुढे १२३.

उघडी पोर्टं हुडकत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. तुमचं दुकान गंजगोलाईत आहे की मुंबईत, याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. पोर्टचा नंबर बदलला म्हणजे झालं असं सांगणारे भेटतात. त्यानं हुडकणाऱ्याला थोडा उशीर होतो, बाकी काही नाही. पासवर्ड सापडला की आत यायचं, सगळ्या फायली एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय न उघडणाऱ्या) करून टाकायच्या आणि पैसे मागायचे, हा रॅन्समवेअरवाल्यांचा ठरलेला धंदा. मार्चअखेरीला असं काही झालं तर मालकाची काय अवस्था होते ते सांगायला नको.

टू-फॅक्टरनं पासवर्डाची चोरी थांबत नाही, पण चोरलेला पासवर्ड एकटा पुरत नाही. आणि तेही दार नीट असेल तरच. रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट बाहेरून पूर्ण बंद, बाहेरच्यांनी आधी व्हीपीएन, म्हणजे ऑफिसपर्यंतचा झाकलेला खासगी रस्ता, लावायचा, व्हीपीएन लावताना पासवर्डासोबत कोड द्यायचा, आणि आत आल्यावर मग टॅलीचं मशीन. सर्व्हर झोकात उभा केला आणि जुनं पोर्ट उघडंच राहिलं, तर केलेली सगळी मेहनत पाण्यात.

कोड येतो कुठून

लातूरच्या घरात आणि पुण्याच्या घरात एकाच वर्षाचं एकच पंचांग असेल, तर आज तिथी कोणती हे दोघंही एकमेकांना फोन न करता सांगतील आणि उत्तर एकच येईल. फोनमधलं ॲप आणि सर्व्हर यांचं नातं असंच आहे. फरक एवढाच की हे पंचांग जगात त्या दोघांकडेच असतं आणि त्याचं पान दर अर्ध्या मिनिटाला उलटतं.

तपशिलात सांगायचं तर, सुरुवातीला सर्व्हर एक गुप्त संख्या तयार करतो, बहुधा १६० बिटांची. ती ३२ अक्षरांत लिहिता येते. आपण जो क्यूआर कोड स्कॅन करतो त्यात हीच संख्या असते, सोबत सर्व्हरचं आणि वापरणाऱ्याचं नाव. त्यानंतर दोन्हीकडे एकच गणित चालतं. १ जानेवारी १९७०, ग्रिनिचची मध्यरात्र, तिथपासून किती सेकंद झाले ते मोजायचे, त्याला ३० ने भागायचं, बाकी सोडून द्यायची. उदाहरणार्थ १ जानेवारी २०२५ ला आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले तेव्हा ही मोजणी १,७३,५६,८९,६०० सेकंदांवर होती. ३० ने भागलं की ५,७८,५६,३२०. ही झाली त्या अर्ध्या मिनिटाची ओळख. हा आकडा आणि गुप्त संख्या एचमॅक नावाच्या गणितात घालतात, बहुतेक ठिकाणी शा-१ ही ठसा काढायची रीत वापरून. बाहेर पडतात २० बाइट. त्यांतले शेवटचे चार बिट सांगतात की कुठून सलग चार बाइट उचलायचे. उचललेल्या बाइटांची एक मोठी संख्या होते आणि तिचे शेवटचे सहा आकडे आपल्याला स्क्रीनवर दिसतात.

या रीतीला टीओटीपी म्हणतात. ती २०११ मध्ये आरएफसी ६२३८ या जाहीर तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. तिची थोरली बहीण एचओटीपी, आरएफसी ४२२६, ही २००५ ची. तिच्यात वेळेऐवजी साधी मोजणी असते, एक कोड वापरला की मोजणी एकानं पुढे. रीत सगळ्यांना खुली आहे म्हणूनच गुगलचं, मायक्रोसॉफ्टचं, फ्रीओटीपी किंवा एजिस, यांतलं कोणतंही ॲप आपण स्वतः उभ्या केलेल्या सर्व्हरशी जुळतं.

शा-१ आता कच्चं ठरलंय असं वाचून काही जण दचकतात. त्यात सापडलेली खोट ही दोन वेगळ्या फायलींचा एकच ठसा काढता येण्याची आहे. एचमॅकमधल्या वापराला तिचा धक्का लागत नाही. उलट हौसेनं शा-२५६ निवडलं तर आधी ॲप तपासून घ्या. काही ॲपं ती सूचना मुकाट्यानं बाजूला सारून शा-१ नेच कोड काढतात, आणि मग कोड काही केल्या जुळत नाही.

सहा आकडे म्हणजे दहा लाख शक्यता. माणसाला ते खूप वाटतं, यंत्राला हवे तेवढे प्रयत्न करू दिले तर काहीच नाही. म्हणून सर्व्हरनं चुका मोजल्याच पाहिजेत.

कोणत्या मशीनवर

आपला सर्व्हर व्हर्च्युअल ठेवायचा. व्हर्च्युअल सर्व्हर म्हणजे एका खऱ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. त्याला वाटून दिलेली रॅम असते, स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम असते, आणि त्याची डिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक मोठी फाइल किंवा राखून ठेवलेला एक भाग. खरं मशीन बसलं तर तेवढं उचलून दुसऱ्या मशीनवर चालू करता येतं. शिवाय ओळख तपासणारा सर्व्हर बाकी कशात मिसळत नाही, त्यावर कुणी गाणी ऐकत नाही की प्रिंटरचे ड्रायव्हर टाकत नाही.

ज्या विंडोजवर टॅली आहे त्यावरच व्हर्च्युअलबॉक्स टाकून हा सर्व्हर बसवू नका. सोय म्हणून सगळ्यांच्या मनात आधी तेच येतं. पण त्या विंडोजमध्ये रॅन्समवेअर शिरलं तर व्हर्च्युअल डिस्कची फाइलही बाकीच्या फायलींबरोबरच जाते. शिकायला घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स उत्तम आहे. कामासाठी वेगळा डबा घ्या. ८ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप चालतो, फक्त हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, तिथे कंजूषपणा नको. त्यावर प्रॉक्समॉक्स घातलं की ब्राउझरमधूनच व्हर्च्युअल मशिनं बनवता येतात. त्याच्या मुळाशी केव्हीएम आहे, व्हर्च्युअल मशिनं चालवायची सोय, जी २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच (कर्नेलमध्ये) असते. आपल्या सर्व्हरला २ जीबी रॅम, दोन कोअर आणि ३० जीबी जागा भरपूर झाली.

बाहेरच्या कंपनीचा भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर, म्हणजे व्हीपीएस, घ्यावा का, असं हमखास विचारतात. ज्या दारावर तपासणी करायची ते दार कुठे आहे, यावर ते ठरवा. दार ऑफिसातच असेल तर सर्व्हरही ऑफिसात ठेवा. ऑफिसचं इंटरनेट गेलं तर बाहेरून तसंही कुणी येऊ शकत नाही, त्यामुळे सर्व्हर आत असल्यानं काही बिघडत नाही. सर्व्हर बाहेर ठेवला, तर मात्र प्रत्येक लॉगिनसाठी ऑफिसानं बाहेर विचारायला जायचं. सगळं काम क्लाउडवरच असेल तर गोष्ट वेगळी.

दोन बारीक गोष्टी, ज्यांत पहिल्यांदा करणारे अडकतात. व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क ‘नॅट’वर ठेवलं तर सर्व्हरला बाहेरचं जग दिसतं, पण ऑफिसच्या फायरवॉलला, म्हणजे इंटरनेटच्या तोंडावर बसलेल्या राखणदाराला, सर्व्हर सापडत नाही. ते ‘ब्रिज्ड’ पाहिजे, आणि सर्व्हरला ऑफिसमधला एक कायमचा आयपी दिला पाहिजे. दुसरी गोष्ट विजेची. लाइन गेली, इन्व्हर्टर उतरला, मशीन बंद पडलं. वीज आल्यावर ते आपोआप चालू होण्याची सोय बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या बोर्डावरच्या मूळ सेटिंगमध्ये, असते, ती लावून ठेवा, आणि व्हर्च्युअल मशीनलाही खऱ्या मशीनबरोबर आपोआप सुरू व्हायला सांगा. नाही तर रविवारी रात्री लाइन गेली की सोमवारी सकाळी पुण्याचा फोन ठरलेला.

आत काय बसवायचं

डेस्कटॉप नसलेलं साधं उबुंटू सर्व्हर किंवा डेबियन. त्यावर प्रायव्हसीआयडिया हे मुक्त सॉफ्टवेअर. ते २०१४ मध्ये लिनओटीपीपासून फुटून निघालं आणि जर्मनीची नेटनाइट्स ही कंपनी ते सांभाळते. टोकनांची (प्रत्येकाच्या नावावरच्या गुप्त संख्येची) नोंद ठेवायला मारियाडीबी, वेबपानांसाठी अपाचे, आणि फायरवॉलशी रेडियस या लॉगिन तपासायच्या भाषेत बोलायला फ्रीरेडियस. उबुंटूच्या कोणत्या आवृत्तीसाठी तयार पॅकेज मिळतं ते आधी बघा आणि तीच आवृत्ती घ्या.

आता पुण्याचा मुलगा लॉगिन करतो तेव्हा काय घडतं ते जवळून बघू. तो लॅपटॉपवर ओपनव्हीपीएन सुरू करतो. नावाच्या चौकटीत नाव, आणि पासवर्डाच्या एकाच चौकटीत पिन (आपला ठरलेला छोटा पासवर्ड) आणि कोड सलग. पिन ७३९१ असेल आणि ॲपमध्ये ४०८२१५ दिसत असेल, तर ७३९१४०८२१५. हे ऑफिसच्या फायरवॉलपाशी येतं, समजा पीएफसेन्स आहे. पीएफसेन्सला यातलं काही कळत नाही आणि कळायची गरजही नाही. तो हे जसंच्या तसं रेडियसच्या १८१२ नंबरच्या पोर्टवर आपल्या सर्व्हरला पाठवतो. फ्रीरेडियस ते प्रायव्हसीआयडियाच्या हवाली करतं. प्रायव्हसीआयडिया शेवटचे सहा आकडे वेगळे काढतं, उरलेला पिन पडताळतं, त्या माणसाची गुप्त संख्या काढून आत्ताचा कोड स्वतः तयार करतं, घड्याळं थोडी इकडेतिकडे असतील म्हणून मागचे-पुढचे काही कोडही बघतं, आणि हो किंवा नाही एवढंच उत्तर देतं. हो आलं की व्हीपीएन लागतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत.

एक कोड एकदाच चालतो. जुळलेल्या कोडची मोजणी सर्व्हर लिहून ठेवतो आणि तोच कोड पुन्हा आला तर नाकारतो. त्यामुळे लगेच दुसऱ्यांदा लॉगिन करायचं तर नवा कोड येईपर्यंत थांबावं लागतं. लोकांना हे आधीच सांगा, म्हणजे ‘सर्व्हर बिघडला’ अशी तक्रार येणार नाही.

या साखळीत एक अडचणीचं वळण आहे. फायरवॉल आणि रेडियस यांच्यात पासवर्ड कसा जायचा याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. एमएस-चॅप-व्ही२ मध्ये पासवर्ड मूळ रूपात जातच नाही, त्याच्यावर गणित करून काढलेलं उत्तर जातं. प्रायव्हसीआयडियाला तर पिन आणि कोड वेगळे काढायला मूळ अक्षरं लागतात. म्हणून इथे मूळ अक्षरं पोचवणारी पॅप ही पद्धत निवडावी लागते. पॅप म्हणजे उघडं, असं कुणी म्हणेल. पण लॅपटॉप ते फायरवॉल हा रस्ता टीएलएस या एन्क्रिप्शनच्या आवरणातून येतो, आणि फायरवॉल ते सर्व्हर हा तुकडा ऑफिसच्या आतला, दोघांनाच माहीत असलेल्या गुप्त शब्दानं झाकलेला. तो शब्द मात्र चांगला लांबलचक ठेवा. रेडियसची एकूण रीतच जुनी आहे. जुलै २०२४ मध्ये ब्लास्ट-रेडियस नावानं तिच्यातली खोट जाहीर झाली, तिच्यात मधला माणूस ‘नाही’चं ‘हो’ करू शकतो. फ्रीरेडियस ताजं ठेवणं आणि दोन्ही टोकांना ‘मेसेज-ऑथेंटिकेटर’ ही निरोप खरा असल्याची खूण सक्तीची करणं हा त्यावरचा उपाय.

इथे माझं मत सांगून टाकतो. चार-पाच माणसं आणि एकच व्हीपीएन, एवढंच असेल तर या सगळ्या पसाऱ्याची गरज नाही. ओपीएनसेन्स या फायरवॉलमध्ये टीओटीपी आतच दिलेलं आहे, ते वापरा आणि मोकळे व्हा. एकच लिनक्स मशीन सांभाळायचं असेल तर त्यावर गुगल-ऑथेंटिकेटरचं पॅम मॉड्यूल (लिनक्सच्या लॉगिनला जोडायचा तुकडा) टाकलं की भागतं. वेगळा सर्व्हर परवडतो तो दारं अनेक झाल्यावर. व्हीपीएन आहे, दोन लिनक्स मशिनं आहेत, उदगीर आणि निलंग्याला शाखा आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी माणसाला वेगळा क्यूआर स्कॅन करायला लावणं जिवावर यायला लागलं, की मग सगळ्यांची नोंद एका जागी पाहिजे.

घड्याळ

‘मालक, कोड घेईना झालाय की.’

‘घेईना कसा? कालपर्यंत तर घेत होता.’

हा संवाद झाला की दहातल्या नऊ वेळा दोष घड्याळाचा असतो. सगळ्यांचा कोड एकदम बंद पडला तर सर्व्हरचं घड्याळ, एकाचाच बंद पडला तर त्याच्या फोनचं. फोनवर ‘आपोआप वेळ’ चालू केलं की काम होतं. सर्व्हरचं दुखणं जरा खोल असतं.

कोडच्या गणितात ग्रिनिचची वेळ असते, भारतीय वेळेचा तिथे संबंधच नाही. विंडोज मशीनच्या बोर्डावरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स ग्रिनिचची, जिला यूटीसी म्हणतात. जुन्या विंडोजच्या डब्यावर लिनक्स चढवलं, किंवा व्हर्च्युअलबॉक्समधली ‘हार्डवेअर घड्याळ यूटीसीमध्ये’ ही खूण चुकली, तर सर्व्हर साडेपाच तास पुढे किंवा मागे जाऊन बसतो. साडेपाच तास म्हणजे १९,८०० सेकंद, म्हणजे ६६० कोडांचं अंतर. आणि फसगत अशी की कुणीतरी टाइमझोन उलटसुलट करून पडद्यावरची वेळ बरोबर करून ठेवतो. बघणाऱ्याला घड्याळ ठीक दिसतं आणि कोड मात्र जुळत नाही. म्हणून तपासताना नेहमी यूटीसी वेळ बघायची. ती आपल्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असली पाहिजे.

जुन्या डेस्कटॉपची आणखी एक खोड. बोर्डावरची बटणाएवढी सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते. वीज आहे तोवर काही कळत नाही. वीज गेली की मशीन उठतं ते कित्येक वर्षांपूर्वीच्या तारखेला. मशीन घेतानाच पहिल्या दिवशी ही बॅटरी बदलून टाका.

वेळ जुळवून ठेवायचं काम क्रोनी हा प्रोग्राम करतो. त्याला एनआयसीचे समय१ आणि समय२ हे सर्व्हर किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा वेळेचा सर्व्हर द्यावा. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांतही याच दोन संस्थांच्या वेळेशी जुळवून घ्यायला सांगितलं आहे. त्याच निर्देशांत लॉग, म्हणजे मशीनवर काय काय घडलं त्याच्या नोंदी, १८० दिवस जपायचंही म्हटलं आहे, तेव्हा लॉग लवकर पुसण्याची घाई नको. क्रोनीची एक सवय लक्षात घ्या. घड्याळ चुकलेलं असेल तर ते सुरुवातीच्या काही मोजण्यांतच एकदम उडी मारून दुरुस्त करतं, नंतर मात्र हळूहळू ओढत आणतं. व्हर्च्युअल मशीन ‘पॉज’ करून तासाभरानं पुन्हा चालू केलं, तर हे ओढणं फार रेंगाळतं. क्रोनीच्या सेटिंगमधल्या ‘मेकस्टेप’ या ओळीत कधीही उडी मारायची मुभा दिली की हा त्रास मिटतो.

किल्ल्या आणि बॅकअप

सर्व्हरकडे सगळ्यांच्या गुप्त संख्या असतात. पासवर्डासारखा त्यांचा नुसता ठसा ठेवून भागत नाही, कारण कोड काढायला मूळ संख्याच लागते. म्हणून प्रायव्हसीआयडिया त्या एन्क्रिप्ट करून डेटाबेसमध्ये ठेवतं आणि एन्क्रिप्शनची किल्ली एका वेगळ्या फाइलमध्ये. डेटाबेस चोरीला गेला पण किल्ली नाही, तर चोराच्या हाती कचरा. आणि डेटाबेस आपल्याकडे सुखरूप आहे पण किल्लीची फाइल हरवली, तर कचरा आपल्या हाती. मग प्रत्येकाला बोलावून नव्यानं क्यूआर द्यायचा.

बॅकअप म्हणून डेटाबेस रोज दुसरीकडे जाऊ द्या. किल्लीची फाइल एकदाच, वेगळ्या पेन ड्राइव्हवर, तिजोरीत. दोन्ही एकाच पेन ड्राइव्हवर ठेवले तर एन्क्रिप्शनला अर्थच उरला नाही.

व्हर्च्युअल मशीनच्या स्नॅपशॉटला, म्हणजे त्या क्षणी टिपून ठेवलेल्या त्याच्या स्थितीला, बॅकअप समजू नका. अपडेट करण्याआधी स्नॅपशॉट घ्यावा, सगळं ठीक चाललं की दोन दिवसांत पुसावा. जुन्या स्नॅपशॉटवर मागे जाणं या सर्व्हरच्या बाबतीत धोक्याचं असतं. समजा ऑगस्टमध्ये नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं टोकन तुम्ही बंद केलंत आणि ऑक्टोबरात, सोयाबीनच्या ऐन हंगामात, सर्व्हर बिघडला म्हणून जुलैच्या स्नॅपशॉटवर गेलात. सर्व्हर चालू होईल, सगळे खूश होतील, आणि त्या माणसाचा फोनही पुन्हा कोड द्यायला लागेल. मोजणीवर चालणाऱ्या एचओटीपी टोकनांचं तर आणखी वाईट. मोजणी मागे गेली की वापरून झालेले कोड पुन्हा चालू.

माणसं

क्यूआर कोड समोर बसवून स्कॅन करून घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवला की ती गुप्त संख्या दोन फोनांत, फोटोंच्या बॅकअपमध्ये आणि कदाचित कुटुंबाच्या ग्रुपवरही जाऊन बसते.

प्रत्येकाकडे स्मार्टफोन असतोच असं नाही. जुने मुनीम काका बटणाच्या फोनवर खूश असतात आणि त्यांना तो सोडायला लावायचं काही कारण नाही. प्रायव्हसीआयडियात कागदी टोकन आहे. सर्व्हर कोडांची यादी छापून देतो, काकांनी वरून खाली एकेक वापरायचा आणि पेनानं काट मारायची. ही तीच एचओटीपी, फक्त कागदावर. यादी पाकिटात ठेवायची, मॉनिटरला चिकटवायची नाही.

सगळ्यांना एका दिवशी सक्ती करू नका. ‘पासथ्रू’ नावाचं धोरण लावलं तर ज्याच्याकडे अजून टोकन नाही तो जुन्या पासवर्डावर आत येतो, टोकन घेतलेल्याला कोड द्यावाच लागतो. पंधरवड्यात सगळे आले की हे धोरण काढून टाका. ते तसंच राहिलं तर ज्यानं टाळाटाळ केली त्याचं दार पासवर्डावरच उघडं राहतं, आणि नेमका तोच पासवर्ड दुकानाच्या नावापुढे १२३ असतो.

फोन हरवला, पाण्यात पडला, नवा घेताना जुना दुकानातच देऊन टाकला, हे होणारच. अशा वेळी ॲडमिननं जुनं टोकन आधी बंद करायचं, मग नवं द्यायचं. ओळीनं दहा चुका झाल्या की टोकन अडतं, ही मुळात दिलेली मर्यादा आहे. ते सोडवायलाही ॲडमिनच लागतो. म्हणून ॲडमिन दोन पाहिजेत, आणि दोघं एकाच लग्नाला गेलेले नकोत. खुद्द ॲडमिनच बाहेर अडकला तर प्रॉक्समॉक्सच्या मशीनला मॉनिटर-कीबोर्ड लावून आत जाता येतं. त्याचा पासवर्ड लिहून, पाकीट चिकटवून, मालकाकडे. ॲडमिनचं वेबपान मात्र ऑफिसच्या आतूनच दिसलं पाहिजे, इंटरनेटवर चुकूनही नको.

कोड सांगून टाकणाऱ्याला हा सर्व्हर वाचवू शकत नाही. ‘टॅलीचं अपडेट आहे, स्क्रीनवरचे सहा आकडे सांगा’ असा गोड आवाजात फोन आला आणि आकडे सांगितले, तर समोरच्याच्या हाती तेवढा वेळ पुरतो. खोट्या लॉगिन पानावर टाकलेला कोडही तसाच पुढे वापरला जातो. यावर पक्का इलाज एफआयडीओ-२ ची यूएसबी किल्ली, जी वेबसाइटचा पत्ता स्वतः तपासते. प्रायव्हसीआयडिया ती ब्राउझरमधल्या लॉगिनसाठी चालवतं. आपण वर बांधलेल्या रेडियसच्या साखळीतून ती जात नाही, त्यामुळे व्हीपीएनसाठी तूर्त माणसांना समजावणं हाच मार्ग.

बॅकअप खरंच चालतो का, हे पोळ्याच्या आसपास, बाजार मंद असताना बघून घ्या. दुसऱ्या एखाद्या मशीनवर कोरा सर्व्हर बनवायचा, डेटाबेस घालायचा, तिजोरीतली किल्लीची फाइल आणायची, मूळ सर्व्हर बंद करायचा आणि त्याचा आयपी नव्याला द्यायचा. मग पुण्याला फोन करून व्हीपीएन लावून बघायला सांगायचं. त्याच्या फोनमधल्या जुन्याच नोंदीनं, नवा क्यूआर न देता, पहिल्या झटक्यात लागला तर बॅकअप चांगला. नाही लागला तर आधी यूटीसी वेळ बघा, मग किल्लीची फाइल.